डाउनटाऊनमधली वाळू कोणाच्या पैशाची?

मागे एका उन्हाळ्यात काका आमच्याकडे आले होते, डेट्रॉईटला. म्हणजे सांगायचं डेट्रॉईट, राहतो आम्ही नोवायला. इथली बरीचशी मराठी मंडळी नोवाय नाहीतर ट्रॉय नाहीतर कॅन्टनला राहतात आणि घरी फोनवर "डेट्रॉईट" सांगून मोकळी होतात. काका नगरपालिकेच्या घरपट्टी विभागातून रिटायर झालेत, आयुष्यभर लोकांच्या मागे लागून पट्टी वसूल केली, त्यामुळे कुठलीही चकाचक गोष्ट बघितली की आपण "अरे वा" म्हणतो तिथे ते "हा खर्च कुठल्या हेडखाली टाकला असेल?" असं विचारतात.

तर त्यांना घेऊन गेलो कॅम्पस मार्शियसला. डाउनटाऊनच्या बरोब्बर मधोमध एक छोटंसं पार्क आहे, चारी बाजूंनी उंच बिल्डिंगा, ट्रॅफिक, आणि मधे चक्क वाळू. समुद्रावरची असते तशी वाळू, त्यात खुर्च्या, छत्र्या, बाजूला बार, पोरं बादल्या घेऊन किल्ले करतायत. डेट्रॉईटला समुद्र नाही, नदी आहे आणि तीही तिथून थोडी लांब. काका पाच मिनिटं गप्प उभे होते मग म्हणाले, "अरे ही वाळू कोणाच्या पैशाची?"

मी म्हटलं सिटीची असेल. ते म्हणाले, "असेल म्हणजे? आणि दिवाळखोरी निघालेल्या नगरपालिकेकडे वाळूला पैसे कुठून आले रे?"

प्रश्न एकदम बरोबर होता आणि मला धड उत्तर देता आलं नाही, एवढी वर्षं इथे राहून. नंतर बसून वाचलं, ऑफिसात एक-दोघांना विचारलं, आणि लक्षात आलं की ह्या वाळूच्या मागे बरीच मोठी गोष्ट आहे. काकांना नंतर सांगितली तशीच इथे सांगतोय, जमेल तेवढ्या सोप्या भाषेत.

आधी जागा समजून घ्या. १८०५ साली डेट्रॉईट जवळजवळ अख्खं जळलं होतं. मग ऑगस्टस वुडवर्ड नावाच्या न्यायाधीशाने नवीन आराखडा काढला, चाकाच्या आऱ्यांसारखे रस्ते, आणि त्या सगळ्याचं मोजमाप जिथून सुरू झालं ती जागा म्हणजे हे कॅम्पस मार्शियस. इथे राहणाऱ्यांना एट माईल, टेन माईल, ट्वेल्व्ह माईल हे रोड माहितीच आहेत, रोजचा भाजी आणायचा रस्ता. ते मैल ह्या डाउनटाऊनपासून मोजलेले आहेत. मला हे कळायला दहा वर्षं लागली, मी समजायचो की नुसते नंबर दिलेत. शहराच्या मुद्रेवर लॅटिनमध्ये लिहिलंय, अर्थ असा की आम्ही चांगल्याची आशा करतो, हे राखेतून पुन्हा उठेल. ते त्या १८०५ च्या आगीवरून आलंय, पण लोक आता ते दिवाळखोरीबद्दलच वापरतात.

आता हे शहर रिकामं कसं झालं ते. आपल्याकडच्या लोकांना वाटतं गाड्यांचे कारखाने बंद पडले आणि संपलं. एवढं सरळ नाहीये. १९५० साली इथे साडेअठरा लाख लोक होते, २०२० च्या जनगणनेत ६ लाख ३९ हजार. म्हणजे तीनातले दोन गेले. आणि हे १९५० नंतर लगेचच सुरू झालं, जपानी गाड्या यायच्या खूप आधी. कारखान्यांना एकमजली पसरट जागा हव्या होत्या त्या गावाबाहेर मिळाल्या, सरकारने हायवे बांधले, घरकर्ज सबर्बमध्ये आणि गोऱ्यांना सहज मिळायचं, काळ्या लोकांना नाही. शिवाय ते हायवे बांधायला जागा कुठली घेतली तर ब्लॅक बॉटम आणि पॅराडाईज व्हॅली, म्हणजे डाउनटाऊनला चिकटून असलेल्या काळ्या लोकांच्या वस्त्या. तिथला हेस्टिंग्ज स्ट्रीट म्हणजे दुकानं, क्लब, जाझ, सगळं गजबजलेलं, त्याच्यावरून फ्रीवे गेला. १९५६ ला ट्रॅम बंद केल्या आणि डबे मेक्सिको सिटीला विकले. १९६७ च्या जुलैत मोठी दंगल झाली, ४३ माणसं गेली, त्यानंतर जे आधीच जात होते ते पळतच गेले.

आणि डाउनटाऊनचा जीव कशात होता तर हडसन्समध्ये. हे वुडवर्ड अव्हेन्यूवरचं एक प्रचंड डिपार्टमेंट स्टोअर, जुन्या लोकांशी बोललात तर ते हडसन्सबद्दल असं बोलतात जसं आपले आजी-आजोबा गिरगावबद्दल बोलतात. थँक्सगिव्हिंगची परेड १९२४ मध्ये ह्याच दुकानाने सुरू केली. १९८३ ला स्टोअर बंद झालं, १५ वर्षं बिल्डिंग नुसती उभी, आणि १९९८ मध्ये सुरुंग लावून पाडली. पाडताना बघायला लोक जमले होते. त्यानंतर त्या जागी वर्षानुवर्षं नुसता रिकामा प्लॉट. मी २००८ मध्ये आलो तेव्हा ऑफिसातल्या एका सिनियर मराठी काकूंनी पहिला सल्ला दिला होता, "संध्याकाळी सहानंतर डाउनटाऊनला जाऊ नकोस रे." काही झालं असेल म्हणून नाही, एखादा चौक सोडला तर तिथे कुणी नसायचंच.

इथे काकांनी मला थांबवलं आणि म्हणाले माणसं गेली तर पट्टी गेली, पट्टी गेली तर दिवे गेले, दिवे गेले की उरलेली माणसं जातात. बरोब्बर हेच झालं. शहर १३९ चौरस मैलांचं, रस्ते तेवढेच, पाइपलाइन तेवढीच, पेन्शन साडेअठरा लाखांच्या शहराला लागणाऱ्या स्टाफची, आणि पैसे देणारे एक तृतीयांश. एक वेळ अशी आली की रस्त्यावरचे जवळपास ४० टक्के दिवे बंद होते. शेवटी १८ जुलै २०१३ ला शहराने कोर्टात दिवाळखोरी जाहीर केली, कर्ज आणि देणी साधारण १,८०० कोटी डॉलर. अमेरिकेत एवढ्या मोठ्या शहराने त्याआधी कधी हात वर केले नव्हते. तिथल्या कलासंग्रहालयातली चित्रं विकायची का अशी चर्चा चालली होती, शेवटी ट्रस्ट, राज्य सरकार आणि संग्रहालयाचे देणगीदार यांनी मिळून २० वर्षांत मिळून ८० कोटी डॉलरच्या वर द्यायचं कबूल केलं तेव्हा चित्रं वाचली आणि पेन्शनची कपात कमी झाली. कमी झाली, टळली नाही. साध्या नगरपालिका कर्मचाऱ्यांचं पेन्शन साडेचार टक्क्यांनी कापलं आणि महागाईवाढ बंद केली. हे ऐकल्यावर काकांनी हातातलं आइस्क्रीम खाली धरलं. "रिटायर झालेल्यांचं कापलं?" हो. "आणि इथे वाळू टाकली?"

हो, पण थांबा, इथेच गंमत आहे. ती वाळू पेन्शनच्या पैशातून आलेली नाहीये, शहराच्या तिजोरीतूनच नाही आलेली.

कॅम्पस मार्शियस पार्क उघडलं २००४ मध्ये. दिवाळखोरीच्या नऊ वर्षं आधी. शहराला ३०० वर्षं झाली २००१ ला, त्यानिमित्त कंपन्या आणि देणगीदारांनी मिळून शहराला दिलेली ही भेट. त्याआधी तिथे काय होतं तर मोठ्ठा चौक, गाड्या, आणि मधे सिव्हिल वॉरमधल्या सैनिकांचं स्मारक अडकलेलं. ते स्मारक थोडं सरकवलं, रस्ते वळवले आणि पार्क काढलं. पहिल्याच हिवाळ्यात आइस स्केटिंगचा रिंक, ख्रिसमसचं उंच झाड. जिथे सहानंतर जाऊ नको म्हणायचे तिथे रात्री नऊला पोरं बर्फावर घसरून पडतायत.

ह्याच्या उलट उदाहरण नदीकाठी उभं आहे. रेनेसान्स सेंटर. १९७७ मध्ये हेन्री फोर्ड दुसरे यांच्या पुढाकाराने बांधलेले काचेचे टॉवर, मधला ७३ मजल्यांचा, नावातच पुनर्जन्म. सगळं आत. आत दुकानं, आत हॉटेल, आत जेवण, गाडी आत लावा आणि आतूनच परत जा, रस्त्याच्या बाजूला तर चक्क उंचवटे बांधले होते, ते नंतर काढून टाकावे लागले. तसाच १९८७ चा पीपल मूव्हर, हवेतून गोल फिरणारी छोटी ट्रेन, १३ स्टेशनं, जेमतेम पावणेपाच किलोमीटर. ती मोठ्या रेल्वेच्या जाळ्याला जोडायची होती, ते जाळं झालंच नाही, ही बिचारी गोल गोल फिरत राहिली. करोडो डॉलर घालून जे झालं नाही ते एका चौकातल्या खुर्च्यांनी सुरू केलं असं म्हटलं तर इथले काही लोक चिडतील, कारण एकट्या पार्कने काही होत नाही, शेजारीच २००३ मध्ये कॉम्प्युवेअर कंपनीने हेडऑफिस आणलं होतं, २००० आणि २००२ मध्ये बेसबॉल आणि फुटबॉलची स्टेडियम आली होती, आणि २०१० मध्ये डॅन गिल्बर्ट यांनी आपल्या क्विकन लोन्स कंपनीचे १,७०० लोक सबर्बमधून डाउनटाऊनला आणले आणि मग आजूबाजूच्या बिल्डिंगा घ्यायचा सपाटाच लावला, आता शंभरच्या वर प्रॉपर्टी आहेत त्यांच्या. पण हे लोक आले तेव्हा बसायला, डबा खायला, संध्याकाळी थांबायला एक जागा आधीच तयार होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

तर पैसे कोणाचे. एक नाही, तीन-चार पिशव्या आहेत आणि त्या लोक नेहमी एकमेकांत मिसळून बोलतात त्यामुळे भांडणं होतात.

पहिली पिशवी सोपी. पार्कची जमीन शहराची, पण चालवते एक ना-नफा संस्था, डाउनटाऊन डेट्रॉईट पार्टनरशिप. कॅम्पस मार्शियस, त्याला लागून कॅडिलॅक स्क्वेअर, कॅपिटल पार्क, ग्रँड सर्कस पार्क, २०१७ ला उघडलेलं बीकन पार्क, ही सगळी त्यांच्याकडे. त्यांना स्पॉन्सर मिळतात, देणग्या मिळतात, बारवाल्याकडून भाडं, स्केटिंगचं तिकीट. आपल्या गणपती मंडळासारखंच, कमानीवर ज्याची जाहिरात त्याचे पैसे.

दुसरी पिशवी जरा वेगळी. २०१४ मध्ये डाउनटाऊनमधल्या मालमत्ताधारकांनी मतदान करून स्वतःवरच एक जादा पट्टी लावून घेतली. ह्याला बिझनेस इम्प्रूव्हमेंट झोन म्हणतात, बिझ. काका म्हणाले स्वतःहून पट्टी लावून घेतली हे मी मेलो तरी खरं मानणार नाही. पण खरंच आहे. आणि ही वर्गणीसारखी नाही की यंदा देतो पुढच्या वर्षी बघू, एकदा ठराव झाला की विरोधात मत दिलेल्यालाही भरावी लागते. त्या पैशातून काय होतं तर कचरा उचलणं, कुंड्यांमधली फुलं, बर्फ काढणं, आणि युनिफॉर्ममधली ती माणसं जी रस्ता सांगतात आणि रात्री गाडीपर्यंत सोडायला येतात. मालकांचा हिशोब सरळ आहे. माझ्या बिल्डिंगसमोर घाण असेल तर भाडेकरू येणार नाही, शहराकडे झाडूवाला नाही, मग मीच देतो पैसे पण शेजाऱ्यानेही द्यावेत. अपार्टमेंटच्या मेंटेनन्सचंच तत्त्व, फक्त सोसायटी म्हणजे अख्खं डाउनटाऊन.

खुर्च्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. पार्कातल्या खुर्च्या सुट्ट्या आहेत, साखळीने बांधलेल्या नाहीत. काकांनी दोन वेळा उचलून बघितली. "चोरीला जात नाहीत?" जात असतील एखाद-दुसरी. पण लोकांना खुर्ची आपल्याला हवी तिकडे ओढता आली की ते जास्त वेळ बसतात, आणि चार माणसं बसलेली दिसली की पाचवा येतो. बांधलेल्या बाकावर कोण बसतं, दमलेला माणूस.

तिसरी पिशवी खरी अवघड आणि खरी भांडणाची. तिला टीआयएफ म्हणतात, टॅक्स इन्क्रिमेंट फायनान्सिंग. काकांना मी रुपयांत समजावलं तसंच सांगतो. समजा तुमच्या गावातल्या पेठेची सगळी मिळून घरपट्टी वर्षाला १० लाख येते. आज आपण ठरवलं की हा १० लाखाचा आकडा इथेच गोठवायचा. नगरपालिका, शाळा, वाचनालय, ज्याचा ज्याचा त्यात वाटा आहे त्यांना दरवर्षी ह्या १० लाखातला वाटा मिळत राहील. आता पेठ सुधारली, नवीन बिल्डिंगा आल्या, दहा वर्षांनी पट्टी झाली २५ लाख. वरचे १५ लाख कोणाचे? ते नगरपालिकेकडे जाणार नाहीत, ते जातील त्या पेठेच्या विकास मंडळाकडे, आणि ते त्याच पेठेत खर्च करायचे. शिवाय मंडळ काय करतं, हे १५ लाख येणारच आहेत असं दाखवून आजच कर्ज उचलतं, त्यातून पार्किंग, रस्ता, स्टेडियम बांधतं आणि येणाऱ्या जादा पट्टीतून हप्ते फेडतं. डेट्रॉईटमध्ये असं डाउनटाऊनचं मंडळ १९७६ पासून आहे.

काकांना हे पाच मिनिटांत कळलं, मला दोन दिवस लागले होते. आणि त्यांनी लगेच मुद्द्यावर बोट ठेवलं, "दहा वर्षांत पगार वाढले, डिझेल वाढलं, पण बाकीच्या गावाला मात्र जुनेच १० लाख?" हो. म्हणूनच इथे सार्वजनिक वाचनालयाच्या बाजूने बोलणारे लोक कितीतरी वर्षं ओरडतायत की लायब्ररीसाठी म्हणून लोकांनी मतदान करून लावलेला कर डाउनटाऊनच्या मंडळाकडे वळतो. २०१७ मध्ये उघडलेलं लिटल सीझर्स अरीना, आइस हॉकी आणि बास्केटबॉलचं, खर्च ८६ कोटी डॉलरच्या आसपास, त्यात ३० कोटींहून जास्त सार्वजनिक पैसा ह्याच वाटेने आला आणि त्यावर अजून लोक भांडतात. आजूबाजूला वस्ती, दुकानं येणार म्हणून सांगितलं होतं, त्यातली बरीच जागा वर्षानुवर्षं पार्किंगच राहिली. हडसन्सच्या त्या रिकाम्या प्लॉटवर शेवटी नवा टॉवर उभा राहिला, तिथे २०१७ च्या डिसेंबरात काम सुरू झालं आणि २०२४ ला जनरल मोटर्सने आपलं हेडऑफिस रेनेसान्स सेंटर सोडून तिथे न्यायचं जाहीर केलं. त्यासकट चार प्रोजेक्टना मिळून राज्याने २०१८ मध्ये जवळपास ६२ कोटी डॉलरपर्यंत करसवलत मंजूर केली होती.

बाजू मांडणारे म्हणतात, ही मदत नसती तर बिल्डिंग झालीच नसती, मग जादा पट्टी कुठली आणि वाटा कुठला. विरोध करणारे म्हणतात, झालीच नसती हे तुम्ही कशावरून सांगता, बिल्डर स्वतःच ते लिहून देतो. माझं मत विचाराल तर २००५ किंवा २०१० मध्ये हा युक्तिवाद पटण्यासारखा होता, रस्त्यावर माणूस दिसत नव्हता. आता जिथे वन-बेडरूमचं भाडं ऐकून नोवायवाल्यांचे डोळे फिरतात तिथे तोच युक्तिवाद जरा तपासून घ्यायला हवा.

आणि अजून एक पिशवी जी आपल्यासारख्यांच्या खिशातूनच जाते. डेट्रॉईट शहराचा स्वतःचा इन्कम टॅक्स आहे. शहरात राहणाऱ्याला २.४ टक्के, बाहेर राहून शहरात कामाला येणाऱ्याला १.२ टक्के. शहराची सगळ्यात मोठी कमाई हीच, मग कसिनो आणि घरपट्टी वगैरे. २०२० मध्ये सगळे घरी बसले तेव्हा जे दिवस आपण नोवायच्या बेडरूममधून काम केलं त्या दिवसांचा टॅक्स शहराला लागू नाही असा हिशोब निघाला आणि लोकांनी परतावा मागितला. मीही भरला फॉर्म, खोटं कशाला बोलू. तेव्हा कळलं की ऑफिसला येणारा माणूस हा शहरासाठी नुसता कॉफी घेणारा गिऱ्हाईक नाही. आणि तो आठवड्यातून तीनच दिवस येणार असेल तर बाकीच्या दिवसांना कोणीतरी दुसरं आणायला पाहिजे.

म्हणून ते कॅलेंडर. हे मी आधी उलटं समजायचो, मला वाटायचं शहर सुधारलं म्हणून सण-समारंभ व्हायला लागले. इथे नीट बघितलं तर वर्षातला एकही महिना मोकळा सोडलेला नाहीये, आणि तो मुद्दाम. जानेवारीत, जेव्हा बाहेर नाक गळून पडेल अशी थंडी असते, तेव्हा गाड्यांचं प्रदर्शन, ऑटो शो. तो २०२२ मध्ये सप्टेंबरला नेला होता, हवा चांगली असते म्हणून, पण २०२५ ला परत जानेवारीत आणला, आणि हॉटेलवाल्यांना विचारा त्यांना जानेवारीच हवा असतो, सप्टेंबरमध्ये लोक तसेही येतात. एप्रिलच्या सुमारास टायगर्स ह्या इथल्या बेसबॉल टीमची घरची पहिली मॅच, ओपनिंग डे, त्या दिवशी मीटिंग ठेवायची नाही हे नवीन आलेल्या देसी मॅनेजरला कोणीतरी हळूच सांगावं लागतं, अर्धं गाव सकाळपासून पार्किंग लॉटमध्ये ग्रिल पेटवून बसलेलं असतं. मे महिन्याच्या शेवटी नदीकाठी हार्ट प्लाझात टेक्नो म्युझिकचा फेस्टिव्हल, कारण टेक्नो जन्मालाच इथे आलं, युरोपातून लोक विमानाने येतात आणि इथल्या लोकांना पत्ता नसतो. मेअखेर नाहीतर जूनच्या सुरुवातीला गाड्यांची रेस, ती २०२३ पासून नदीतल्या बेटावरून परत डाउनटाऊनच्या रस्त्यांवर आणली, तेवढे दिवस गाडी घेऊन जायचं नाव काढू नका. जूनच्या शेवटी नदीवर फटाके, समोर कॅनडा, आणि हो, डेट्रॉईटहून कॅनडा दक्षिणेला आहे, नकाशा काढून बघा, काकांनी पैज लावली होती आणि हरले.

मग उन्हाळाभर ती वाळू. सप्टेंबरच्या सुरुवातीला लेबर डेच्या वीकेंडला जाझ फेस्टिव्हल, १९८० पासून चालू आहे आणि फुकट आहे, हा माझा सगळ्यात आवडता. फुकट असल्यामुळे गर्दीत सगळी मिसळ असते, शहरातल्या म्हाताऱ्या आज्या घरून खुर्ची घेऊन, हॅट घालून आलेल्या, शेजारी सबर्बमधली आमच्यासारखी, एखादा सूटवाला. बाकीच्या कार्यक्रमांना एवढी मिसळ दिसत नाही. नोव्हेंबरमध्ये झाडाचे दिवे लावायचा कार्यक्रम आणि रिंक सुरू, थँक्सगिव्हिंगला वुडवर्डवर परेड, शंभर वर्षं होऊन गेली तिला. कॅडिलॅक स्क्वेअरमध्ये छोट्या दुकानदारांच्या टपऱ्या लागतात, हा त्यातला मला खरा उपयोगी भाग वाटतो, कारण ज्या बाईला वुडवर्डवर गाळा परवडत नाही ती दोन महिने टपरीत साबण नाहीतर मेणबत्त्या विकून बघते, चाललं तर पुढे जाते, नाही चाललं तर फार बुडत नाही.

ह्या सगळ्याचा कळस म्हणजे २०२४ च्या एप्रिलमधला एनएफएल ड्राफ्ट. फुटबॉलच्या टीम नवीन खेळाडू निवडतात, बस, सामना नाही काही नाही, नुसती नावं वाचतात. तीन दिवसांत ७ लाख ७५ हजार लोक आले, तोपर्यंतचा विक्रम. शहराच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. मी पोराला घेऊन गेलो होतो, गर्दी बघून मला अगदी लक्ष्मी रोडची विसर्जन मिरवणूक आठवली, फक्त ढोल नव्हते. त्याच्याच पुढच्या महिन्यात जनगणना खात्याचा अंदाज आला की १९५७ नंतर पहिल्यांदा शहराची लोकसंख्या वाढली. थोडीशीच, पण वाढली. मग जूनमध्ये मिशिगन सेंट्रल उघडलं, ते जुनं रेल्वे स्टेशन जे १९८८ पासून फुटक्या खिडक्यांनी उभं होतं आणि डेट्रॉईटच्या पडझडीचा प्रत्येक फोटो जिथला असायचा. फोर्डने २०१८ ला घेतलं आणि सहा वर्षं खपून दुरुस्त केलं. ते डाउनटाऊनला नाही, शेजारी कॉर्कटाऊनमध्ये आहे, पण लोक एकातच धरतात.

आता कडू भाग. हे चालवणाऱ्या संस्था खाजगी आणि ना-नफा आहेत, त्यामुळे काम पटापट होतं, टेंडरचे खेळ कमी. पण हिशोब कोण बघतो? नदीकाठचा सुंदर रिव्हरवॉक अशाच एका संस्थेने केला, आणि २०२४ मध्ये उघडकीला आलं की तिच्याच वित्त अधिकाऱ्याने वर्षानुवर्षं मिळून ४ कोटी डॉलरच्या वर रक्कम खाल्ली होती. त्याने गुन्हा कबूल केला, १९ वर्षांची शिक्षा झाली. काकांना हे सांगितल्यावर का कोण जाणे पण त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे इकडेही ऑडिट लागतंच."

आणि दुसरं म्हणजे १३९ चौरस मैलांतलं हे चकाचक डाउनटाऊन केवढंसं. गाडीने दहा मिनिटं बाहेर पडलात की अजून गल्लीच्या गल्ली मोकळ्या आहेत, एका ओळीत दोन घरं आणि मधे गवत. तिथल्या माणसाला बीचबद्दल विचारलं तर तो काय म्हणेल हे सांगायला नको. अगदी काहीच झालं नाही असंही नाही, २०१६ अखेरपर्यंत ६५ हजार नवीन एलईडी दिवे लावले ते सगळ्या शहरात लावले, नुसते डाउनटाऊनला नाहीत, आणि माझ्या मते वाळू, रिंक, टॉवर सगळ्यापेक्षा ते मोठं काम होतं. पण दिव्याच्या खांबाचा फोटो कोण काढतो. हेस्टिंग्ज स्ट्रीटवर जो फ्रीवे टाकला होता तो बुजवून साधा रस्ता करायचा म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारने १० कोटी डॉलरच्या वर मदत जाहीर केली, तेव्हा वस्तीतून हाकललेल्यांची नातवंडं विचारत होती, रस्त्याशेजारी जी जमीन मोकळी होईल ती कोणाला मिळणार?

काकांनी परत जाताना गाडीत विचारलं, आपल्याकडे हे करता येईल का. मी म्हटलं काका आपल्याकडे रोग उलटा आहे. आपल्या गावांचा मध्य रिकामा पडलाच नाही कधी, तुळशीबागेत माणूस आणायला बीच लागत नाही, उलट माणसाला चालायला जागा लागते, म्हणून पुण्यात लक्ष्मी रोड एक दिवस गाड्यांना बंद करून बघतात. त्यातल्या त्यात जवळचं म्हणजे मुंबईचं काळा घोडा, तिथे एका असोसिएशनने १९९९ पासून फेस्टिव्हल चालवला आणि त्या निमित्ताने तिथल्या जुन्या वास्तूंकडे लक्ष वेधलं. पण स्वतःहून जादा पट्टी लावून घेणारे दुकानदार? काका म्हणाले, "असला एक जरी भेटला असता ना, तर मी घरी नेऊन जेवायला घातलं असतं."

नोव्हेंबरमध्ये दिवे लावायच्या कार्यक्रमाला गेलो तेव्हा तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. तिकडे पहाट होती, काका स्वेटर घालून चहा घेत होते. झाड दाखवलं, रिंक दाखवला, पोरगा बर्फावर दोनदा आपटला तेही दाखवलं. "वाळू उचलली वाटतं," म्हणाले. मग जरा जवळ येऊन, "आणि ह्या बर्फाचं लाइट बिल?" मी पाठ केल्यासारखं सांगितलं, स्पॉन्सर, देणग्या आणि तुमच्या नातवाचं स्केटिंगचं तिकीट, बाकी आजूबाजूच्या कुंड्या आणि झाडलोट बिल्डिंगवाल्यांच्या पट्टीतून.

"तिकिटाची पावती घेतलीस का?"